दहावा ग्रह, अकरावा गडी

बोल्ड झाल्यावर तंबूकडे न वळता आधी गोलंदाजाकडे जाणारा फलंदाज मी आयुष्यात एकच पाहिला. दिगूभाऊ शिरधनकर. मधला स्टंप मागे लोळत पडलेला असायचा आणि हे बॅट काखेत मारून थेट गोलंदाजाचा हात हातात घ्यायचे. "काय चेंडू टाकलात हो! मला दिसलासुद्धा नाय!" बहुतेकदा तो चेंडू अगदी साधा असे, पण ऐकणाऱ्याची छाती फुगायची. मग दिगूभाऊ रमतगमत परत येत आणि पॅड सोडता सोडता आम्हाला म्हणत, "आजचा दिवस बरा गेला."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि आमच्या आळीतल्या मुलांनी काढलेल्या क्लबात खेळत होतो. खेळत होतो म्हणजे अकरा जण भरायला मी लागत असे. माझा नंबर दहावा, दिगूभाऊंचा अकरावा. ते एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, चाळिशीला टेकलेले. आम्ही खेळायचो ते कातळावर, मॅट अंथरून. तिथे पडलं की गुडघ्याची साल निघालीच. त्यामुळे आमच्यात चेंडूवर झेप घेणारा कोणी नव्हता, एक दिगूभाऊ सोडून. ते झेप घ्यायचे, चेंडू बाजूने निघून जायचा, आणि स्वतःच आणलेलं लाल औषध ते स्वतःच्या कोपराला लावत बसायचे.

मला मात्र माझ्या खेळाची फार लाज वाटायची. झेल सुटला की दोन दिवस मी आळीतून मान खाली घालून जात असे. एकदा मी त्यांना म्हटलं, "दिगूभाऊ, मी सोडतो आता. आपल्याला काही हे जमत नाही."

ते मोठ्याने हसले. "मेल्या, न जमणारी गोष्ट मजेनं करायला मिळते ती फक्त रविवारी. दवाखान्यात मला न जमून चालेल काय?"

त्या रविवारी मी गेलो. पुढच्याही गेलो.

आता पावसचा सामना. पावस ही दिगूभाऊंची सासुरवाडी. तिथल्या संघाला आम्ही कधीच हरवलं नव्हतं, आणि त्याचं मुख्य कारण होतं रमेश. रमेश म्हणजे दिगूभाऊंचा सख्खा मेहुणा. उंच, काळासावळा, आणि चेंडू असा टाकायचा की मॅटवरून उसळून कानाजवळून सूं करत जायचा. आमचा कॅप्टन केसकर त्याचं नाव निघालं की विषय बदलायचा.

त्या दिवशी दिगूभाऊंची सगळी सासुरवाडी पावसच्या कातळावर लोटली होती. काजूच्या सावलीत जाजम अंथरलेलं. सासूबाई, मेहुण्या, शेजारणी आणि सुमनवहिनी, म्हणजे दिगूभाऊंची बायको. नवऱ्याचा खेळ त्या पहिल्यांदाच बघत होत्या. जावईबापूंसाठी घरातून खास हाताची खुर्ची आणली होती. आमचा अख्खा संघ खाली दगडावर, आणि दिगूभाऊ खुर्चीत, चुळबुळत.

आमचा डाव आला. केसकर त्या दिवशी पेटला होता. त्याच्या जिवावर आम्ही कधी नव्हे ते जिंकण्याच्या जवळ गेलो. पण तो बाद झाला, पाठोपाठ आणखी दोघे गेले. जिंकायला आठ धावा हव्या होत्या, एका टोकाला मी होतो आणि खुर्चीतून उठून दिगूभाऊ येत होते. चेंडू रमेशच्या हातात.

रमेश धावत आला आणि अचानक त्याचं अंगच गळाल्यासारखं झालं. चेंडू एखादी लग्नाची अक्षता टाकावी तसा हळुवार आला. दिगूभाऊंनी जोरात बॅट फिरवली आणि तोही हुकला. पुढचा त्याहून हळू. तो कसाबसा बॅटला लागला, आम्ही दोन धावा पळून काढल्या. जाजमावर टाळ्या झाल्या.

दिगूभाऊंनी टाळ्या ऐकल्या, रमेशकडे पाहिलं, आणि ते चालत खेळपट्टीच्या मध्यावर आले.

"रमेश, हे काय चाललंय?"

"काय नाय, भावोजी."

"मघाशी केसकरला टाकत होतास ते कुठे गेले?"

रमेश पायाने मॅटची कड उकरू लागला. "आई ओरडेल हो. सकाळीच बजावलंय तिनं."

तेवढ्यात काजूखालून सासूबाईंचा आवाज आलाच. "रमेश, जपून रे! जावईबापूंना लागेल!"

सगळा कातळ हसला. मी धावत पुढे गेलो. "दिगूभाऊ, सहाच राहिल्यात. देतोय तर घ्या ना! आयुष्यात पहिल्यांदा जिंकतोय आपण."

"मलाही जिंकायचंय रे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका गंभीर मी कधी पाहिला नव्हता. "पण ह्या धावा नव्हेत, हा आहेर आहे. आहेर मी लग्नात घेतला." मग रमेशकडे वळून म्हणाले, "जावई म्हणजे दहावा ग्रह, तो घरी. इथं मी अकरावा गडी. नीट टाक, नायतर मी बॅट ठेवून जातो."

दगडावरून केसकर काहीतरी ओरडत होता. रमेश क्षणभर घुटमळला, मग उलटा फिरला आणि चालत चालत पार लांब गेला. तिथून तो जो धावत आला, तो खरा रमेश होता.

पहिला चेंडू दिगूभाऊंच्या मांडीवर बसला. आवाज माझ्यापर्यंत आला. ते एका पायावर नाचले, मांडी चोळली आणि म्हणाले, "हां! असा!" जाजमावर कोणीतरी "अगो बाय" म्हणून किंचाळलं. पुढच्या चेंडूला त्यांनी डोळे मिटून बॅट पुढे केली. चेंडू कड घेऊन यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून गेला, कातळावर टप्पा खाऊन उसळला आणि सीमेपार. चार! त्यांच्या आयुष्यातला तो पहिला चौकार. धावायची गरज नव्हती, तरी ते धावत माझ्याकडे आले आणि मला मिठी मारली. मीही मारली. दोघंही हसत होतो, लहान मुलांसारखे.

पुढच्या चेंडूवर मधला स्टंप मागे उडाला. आम्ही एका धावेनं हरलो.

त्याहून कहर पुढे झाला. दिगूभाऊ धावा लिहिणाऱ्याला सांगू लागले, "माझ्या नावावर चारच मांड. त्या दोन काढ. आपण एका धावेनं नाय, तीननं हरलो." केसकरने डोक्याला हात लावला.

जेवण सासुरवाडीतच होतं. ओटीवर पंगत बसली, वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. आतून सासूबाई रमेशला झापत असलेल्या ऐकू येत होत्या. मग त्या वाटीत गरम तेल-हळद घेऊन बाहेर आल्या. दिगूभाऊ लाजून पाय आखडू लागले. "नको आई, काय नाय झालेलं. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"दिगू, मुकाट्यानं बस!" सासूबाई कडाडल्या. "मांडी काळीनिळी झालीय आणि म्हणे काय नाय! रमेशपेक्षा वांड आहेस तू."

ओटीवर सगळ्यांचे हात ताटातच थांबले. जावयाला नावानं हाक आणि अरेतुरे! सासूबाईंच्याही ते लक्षात आलं, त्यांनी पदर तोंडाला लावला. दिगूभाऊ मात्र निमूट बसले, धोतर-पंचा नेसलेल्या मुंजीच्या बटूसारखे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो चौकाराच्या वेळीसुद्धा नव्हता. पहिला हसला तो केसकर. मग सगळीच पंगत हसत सुटली.

हात धुताना सुमनवहिनी मला हळूच म्हणाल्या, "हे एवढं हसतात, मला माहीतच नव्हतं. घरी कसे गप्पगप्प असतात." त्यानंतर आमचा एकही सामना त्यांनी चुकवला नाही.

पावसच्या घरात त्या दिवसापासून दिगूभाऊंना खुर्ची कोणी दिली नाही. ते गेले की सरळ मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरायचे, सासूबाईंसमोर बसून नारळ खवायचे आणि गावच्या गप्पा ऐकायचे. रमेशशी त्यांचं भांडण व्हायचं, अबोला व्हायचा, पुन्हा दोघे एका ताटात जेवायचे.

बऱ्याच वर्षांनी, एका सकाळी रमेश माझ्या दारात उभा राहिला. केस पिकले होते. आत ये म्हटलं तरी आला नाही. चौकट धरून उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "माझा भाऊ गेला रे."