गालिच्यावरचा भंडारा

तळी भरण्याआधी गालिचा उचलावा असे मला वाटत होते. पण वाटणे आणि बोलणे यांत माझ्या बाबतीत नेहमीच बरेच अंतर राहते. मुलाच्या लग्नानंतर प्रथमच घरात खंडोबाची तळी उचलली जाणार होती. मलई रंगाचा, मरून काठाचा तो गालिचा अक्कलकोटच्या आमच्या व्याह्यांनी नुकताच आणला होता, स्वतःच्या खांद्यावरून, जिने चढून. मी एका कोपऱ्याला हात घातला, तशा सांगोल्याहून आलेल्या माझ्या थोरल्या नणंद गरजल्या, "अगं, असू दे की! सुनंच्या म्हायेरचा हाय. बघू दे चार लोकास्नी."

मी हात मागे घेतला. येळकोटाच्या गजरात भंडारा उधळला गेला आणि सगळ्यांच्या पायांनी तो गालिच्यात रुतला.

दुपारी मुलगा आणि सून अक्कलकोटला गेली. पुढच्या रविवारी व्याही आणि विहीणबाई त्यांना पोचवायला येणार होते. एवढ्या हौसेने दिलेली वस्तू यांनी आठवडाभरही नीट ठेवली नाही, असे त्या भल्या माणसाला वाटू नये, एवढीच माझी इच्छा होती. कोरडी हळद झटकून बरीचशी निघाली असती. मी घाईने ओले फडके फिरवले. पिवळा रंग धाग्यांत उतरला. तेव्हा धुण्याची पावडर कालवून ब्रशने घासले, आणि पाहता पाहता डाग लालभडक झाला.

मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात लाल होतो, हा प्रयोग मी शाळेतच करून पाहिला होता. परंतु प्रयोगशाळेतली हळद आणि घरातली हळद एकच, हे मला योग्य वेळी सुचले नाही. इतक्या शिक्षणाचा उपयोग एवढाच झाला की आपण नेमके काय बिघडवले ते मला तंतोतंत समजत होते.

उघड्या दारातून शेजारच्या बाई डोकावल्या. त्यांच्या घरी टॉवेल-चादरींचे माग आहेत. "अय्यो मॅडम! कुणाला लागलं की काय?"

"नाही हो, भंडारा आहे."

"मग एवढं काय घासताय? आणि सोलापुरात राहून गालिचा कशाला हवा होता? आमच्याकडची चादर न्यायची. उकळा, आपटा, चावा, काही होत नाही तिला."

मी हसले. अशा वेळी मी हसतेच, आणि मग दिवसभर स्वतःवर चिडते.

लिंबू पिळल्यावर लाल गेला आणि पिवळा परत आला, पूर्वीपेक्षा ऐसपैस. धुवायचे तर पाणी हवे. नळ दोन दिवसांनी यायचा होता. पिंपातले पाणी तांब्यातांब्याने ओतून मी टिपत राहिले. तेवढ्यात सांगोल्याला परतलेल्या नणंदेचा फोन आला. सगळे ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, देवाचा भंडारा हाय त्यो, घाण न्हाय. पुसतीस कशाला? ती बाजू दिवाणाखाली सरकव, झालं!" ज्यांच्या एका शब्दाखातर हे सारे ओढवले, त्यांना मी म्हणाले, "बरं, वन्सं."

शेवटी ह्यांनी एक टोक धरले, मी दुसरे धरले, आणि ओला गालिचा आम्ही गच्चीवर नेला. उन्हाने हळद खरोखरच उडवली. मात्र जिथे मी घासले होते तिथले धागे पिंजून वर आले होते, आणि ती जागा बाकीच्या गालिच्यापेक्षा पांढरी दिसू लागली होती. डाग गेला, पण स्वच्छतेचाच एक मोठा डाग पडला. त्याच्या कडेला पिवळी रेघ होती, ती काही हटेना. रविवारी सकाळी मी ती पाणी लावून पुन्हा घासली. ही बाजू दिवाणाखाली घालण्याचे मनात आले होते. पण लपवलेले सापडले तर बोलायचे काय, या विचाराने गालिचा होता तसाच अंथरला.

मंडळी आली. सून उंबऱ्यातच थबकली. "आई, हे काय झालं?"

"भंडारा... मी साबण लावला."

"हळदीला साबण? बी.एस्सी. ना तुम्ही? मला एक फोन करायचा की!"

"सुम्नीर!" तिच्या आईने कानडीत तिला गप्प बसवले.

व्याही खाली बसले आणि त्या पिंजलेल्या जागेवरून त्यांनी तळवा फिरवला. "किती घासलंय हो, ताई," ते म्हणाले. "हात दुखले असतील."

आठवडाभर पाठ केलेले दिलगिरीचे वाक्य मला आठवेना. चहाचे निमित्त करून मी स्वयंपाकघरात गेले. सून मागोमाग आली. तिचा राग गेलेला नव्हता. "पुढच्या वेळी मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही," असे म्हणत तिने माझ्या हातातले पातेले घेतले. "चहा मी टाकते. तुम्ही बाहेर बसा. अप्पा बोलायला येतात आणि तुम्ही आत पळता."

मी बाहेर आले. नेमकी त्या डागापुढचीच खुर्ची रिकामी होती. मी बसले आणि पाय आखडून घेतले.

"ठेवा की हो पाय," व्याही म्हणाले. "पायाखाली घालायलाच आणलाय."

मी पाय ठेवले. गालिचा अजून ओलाच होता.