टेपबाईंनी छपराला अस्तर लावलं

दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी चारचौघांत सांगू नयेत म्हणतात. मग माणसानं बोलावं तरी काय? हवापाण्यावर किती बोलणार?

तर आमच्या गल्लीतल्या टेपबाई. त्यांना नावानं कोणी हाक मारत नाही. शिवणकाम करतात आणि मोजायची टेप गळ्यात अशी, की आंघोळीला जाताना तरी काढतात की नाही, याबद्दल गल्लीत दोन मतं आहेत. "टेपबाई आत आहेत, बसा," असं त्यांच्या नवऱ्यानंच एका गिऱ्हाइकाला सांगितलेलं मी ऐकलंय.

घर एकच, मधे भिंत. मागचा उंच भाग थोरल्या जावेचा, रस्त्याकडचा उतरता भाग टेपबाईंचा, त्यातच त्यांचं शिवणाचं दुकान. सिमेंटचे जुने पत्रे मागून पुढे एकाच उतारात आलेले. म्हणजे पाऊस दोघींवर सारखा, पाणी मात्र सगळं धाकटीच्या वाट्याला. आणि दोघींचा अबोला. कारण काय, तर ब्लाउज! थोरली म्हणाली, "तंग शिवलास." धाकटी म्हणाली, "ब्लाउज आहे तेवढाच आहे, ताई." झालं. ज्याला जे समजायचं ते समजलं, आणि बोलणं खुंटलं.

गळती बरोबर भिंतीवर होती, जिथे वरचा पत्रा खालच्यावर चढतो तिथे. खाली टेपबाईंचं कापडांचं कपाट. एका नवरीचा रेशमी झगा डागाळला. डॉक्टरीणबाई आपलं कापड न शिवताच परत घेऊन गेल्या, ते सगळ्या गल्लीनं पाहिलं. टेपबाई नवऱ्याला म्हणाल्या, "या पावसाआधी छप्पर झालं नाही, तर मशीन विकून टाकते. लोकांची कापडं भिजवायला मी धोबीण नाही." बाई तोंडाची वाफ दवडणाऱ्यातल्या नव्हेत. नवरा त्या दिवशी जेवला नाही.

पत्रेवाला आला. म्हणाला, "तुमच्या भागावर नवा लोखंडी पत्रा टाकतो, वरच्या जुन्याखाली सरकवतो. फटीत मसाला भरला की झालं."

बाईंनी त्याच्या हातातला नमुन्याचा तुकडा घेतला, शिडीवर चढल्या आणि जुन्या पत्र्याखाली लावून पाहिला. जुन्याच्या लाटा गोल, नव्याच्या चौकोनी. मधून बोट आरपार.

"हे ठिगळ झालं," त्या वरूनच म्हणाल्या. "तिथं जोडच नको. मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत अखंड पत्रा मिळतो?"

"मिळतो की. कारखाना हव्या त्या लांबीचा देतो. पण मग..." पत्रेवाल्यानं मागच्या बाजूला मान हलवली. अबोला त्यालाही ठाऊक होता. गल्लीतल्या मांजरांनाही होता.

टेपबाई खाली उतरल्या, पत्रेवाल्याकडचे रंगारंगाचे नमुन्याचे तुकडे फडक्यात बांधले आणि शिडी धरून उभ्या असलेल्या मला म्हणाल्या, "काका, चला. मधे बोलायला माणूस लागेल." असं आमंत्रण मी कधी नाकारलेलं नाही.

जाऊबाई ओसरीवर लसूण सोलत होत्या. डोक्यावर ओला टॉवेल. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "काका, आमच्या बाजूला गळत नाही. सांगा त्यांना."

त्या हातभर अंतरावर होत्या. तरी मी सांगितलं.

"काका, त्यांना म्हणावं, गळत नाही ते दिसतंय. पण तो टॉवेल कशासाठी?"

जाऊबाईंनी टॉवेल काढला आणि पुन्हा ठेवला. "तापतं हो दुपारचं. माणसाचं भरीत होतं."

टेपबाईंनी दोघींवर मिळून एकच अखंड पत्रा टाकायची गोष्ट माझ्याकरवी पोचवली आणि तुकडे समोर मांडले. रंग न दिलेला चकचकीत, पांढरट, हिरवा, तांबडा. जाऊबाईंनी पांढरटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "तांबडा. आमच्या भावाच्या बंगल्यावर आहे तसला. तो असेल तर विचार करीन."

आता गडद रंग जास्त तापतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. टेपबाईंनी वाद घातला नाही. सगळे तुकडे अंगणात उन्हात ठेवले आणि निवांत लसूण सोलायला बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "काका, त्यांना म्हणावं, हात लावून बघा."

जाऊबाईंनी पांढरटावर तळवा टेकवला. मग तांबड्यावर बोट टेकवलं आणि "आई गं!" करून ते तोंडात घातलं.

"मग? कोणता?" मी विचारलं.

"तांबडाच!" बोट तोंडातच.

माझा संयम संपला होता. पण टेपबाईंचा चेहरा पाहण्यासारखा होता. जाडजूड बाईनं आडव्या पट्ट्यांचंच कापड पसंत केलं, की होतो ना, तसा. हसू नाही, राग नाही, नुसता हिशेब. गिऱ्हाइकाचा हट्ट हेही एक माप असतं, ते धरूनच शिवायचं, असं त्या मानतात. म्हणाल्या, "चालेल. तांबडा घेऊ आणि खालून अस्तर लावू." पत्र्याखाली फोमचा थर चिकटवलेला मिळतो. ऊन आत उतरत नाही, पावसाचा आवाजही दबतो. स्वतःला पांढरट हवा होता, हे त्यांनी आजतागायत जाऊबाईंना कळू दिलेलं नाही. मी सांगतोय ते वेगळं.

लांबीचं माप बाईंनी स्वतः दिलं. आणि तिथेच हाताची सवय नडली. शिवणीत आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. पुढे कपडा सैल करायचा झाला तर असावी म्हणून. बाईंनी छपरालाही माया सोडली, तीही घसघशीत! पत्रे चढवले तर दुकानाच्या दारावर अशी झालर लोंबली, की उंच गिऱ्हाइकाचं कपाळ फुटावं.

"छप्पर पुढे बाळसं धरणार आहे का, बाई?" पत्रेवाला पोट धरून हसला. "थांबा, मशीननं कापतो."

"कापायचा नाही. कापलेल्या कडेला गंज धरेल." त्या रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या, मग मागे गेल्या, वर बघत राहिल्या. थोरलीच्या मागच्या खिडकीत मावळतीचं ऊन थेट घुसत होतं. "पत्रे वर सरकवा. जास्तीचं सगळं मागे जाऊ दे."

चूक झाली होती, पण ती पडली कुठे पाहा. खिडकीवर रुंद सावली आली. जाऊबाई खिडकीत येऊन बघत राहिल्या.

स्क्रू बसले. पत्रेवाला म्हणाला, आता पाणी सोडून बघू. त्यानं नळी उचलायच्या आत जाऊबाईंनी ती हिसकावली, मागच्या अंगणात स्टुलावर चढल्या आणि छपरावर धार सोडली. टेपबाई आत कपाटापाशी, मान वर करून. मी भिंतीच्या टोकाशी उभा होतो, निरोप पोचवायला तयार.

"आलं का गं?" पलीकडून थेट आरोळी आली.

टेपबाई दचकल्या. मग ओरडल्या, "नाही, ताई!"

"नीट बघ! भिंतीवर?"

"कोरडी आहे, ताई!"

"थांब, अजून सोडते. तिकडच्या कोपऱ्यात सरक. आता?"

"नाही!"

सगळ्या गल्लीचं पाणी त्या छपरावर गेलं. छप्पर केव्हाच पास झालं होतं. पण एक नळी बंद करीना आणि दुसरी पुरे म्हणेना.