केझायाच्या लग्नाचा तिसरा पुकारा

आमचं गाव म्हणे फार देवभोळं. आग लागो त्या देवभोळेपणाला! मी इथली सुईण. निम्मं गाव माझ्या हातांवर जन्मलंय, त्यामुळे कोण किती पाण्यात आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. या सगळ्यांत सरळ होती एकटी केझाया, आणि हे मेले तिच्याच मुळावर उठले.

केझाया मागावर लोकरीचं कापड विणायची. आईबाप गेलेले, लग्नाचं वय टळलेलं, जिभेला धार. खाडीकाठच्या खाजणात, भरतीचं पाणी चढतं त्या दलदलीत, गवताची कापणी चालली होती, तेव्हा धुक्यातून एक माणूस तिच्या पुढ्यात येऊन आदळला. ओलाचिंब, अंगात कसलीशी चकचकीत बंडी. नाव डॅरेन.

"मी अडीचशे वर्षं पुढून आलोय," तो म्हणाला.

"मग दमला असशील," केझाया म्हणाली. "गवत उचलायला लाग, म्हणजे जेवायला मिळेल."

त्याने गवत उचललं, तिच्या हातची मक्याची करपलेली लापशी खाल्ली, वर आणखी मागितली. तिथेच जमलं त्यांचं. उधाणाला खाडीपलीकडे त्याच्या काळातले दिवे दिसायचे. मी पाहिलेत. त्या वेळी खाडीत उतरलं की माणूस तिकडे पोचायचा, पण तिकडून इकडची वाट काही सापडत नाही, आपण आलो ते निव्वळ चुकून, असं तो सांगायचा. म्हणून त्याने सगळी उधाणं काठावर बसून घालवली. केझाया शेजारी असायचीच.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार प्रार्थनाघरात नावं पुकारतात. दोन पुकारे झाले आणि गावपंचांना जाग आली. उपरा माणूस, उद्या कंगाल होऊन गावाच्या गळ्यात पडला तर पोसायचं कोणी? त्यांनी त्याला बोलावलं.

"कुठल्या गावचा तू?"

"याच गावचा. फक्त जन्मायचोय अजून."

पंच पोट धरून हसले आणि लगेच त्याला हद्दीबाहेर काढायचा हुकूम सोडला. आमची हद्द म्हणजे एकीकडे जंगल, दुसरीकडे खाडी.

शिपाई ओबेड त्याला घेऊन गेला तो नेमका उधाणाच्या दिवशी. डॅरेन हात जोडत होता. "ओबेड, जंगलाच्या वाटेने काढ, फटके मार, पण आज खाडीतून नको रे!"

"वा रे शहाण्या! जंगलात पळायला सोपं, होय ना?" ओबेडने त्याला काठीने ढोसत पाण्यात लोटलं. डॅरेन कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि दिसेनासा झाला. ओबेडने गावभर सांगितलं, बुडाला. त्याच संध्याकाळी हेच पंच गुत्त्यात टेबलं बडवत होते, समुद्रापलीकडे बसलेला राजा आमच्यावर अन्याय करतो, चहावर कर लावतो! लाज कशी वाटली नाही मेल्यांना?

केझायाला दिवस गेले होते. बिनलग्नाच्या बाईला ऐन कळांमध्ये सुईणीने बापाचं नाव विचारायचं, अशी इथली रीत. त्या वेळी बाई खोटं बोलत नाही म्हणे. ओबेड दाराआड कान लावून उभाच होता. मी शिव्या घालतच विचारलं, "बाप कोण?"

"डॅरेन!" ती किंचाळली. "आणि कितीदा विचारलंत तरी डॅरेनच!"

पंचांनी ते धरलं नाही. बुडालेल्या भुताचं नाव कसं लावायचं? झालेली पोरगी अंगावरचं दूध सुटलं की केझायापासून काढून, वयात येईपर्यंत दुसऱ्याच्या घरी कामाला बांधून द्यायची, असं ठरलं. हे ऐकून केझाया रडली नाही.

"मावशी, उधाण कधी?"

"रविवारी सकाळी. सगळे प्रार्थनाघरात असतील."

मी पोरीला तिच्या छातीशी घट्ट बांधलं. भर सकाळीही पलीकडे दिवे लागलेले होते. पाण्यात उतरता उतरता ती वळली. "मावशी, तिसरा पुकारा राहिलाच की गं."

"तू हो पुढे. मी बघते."

पाणी तिच्या कमरेला लागलं, आणि मग खाडीत कोणीच नव्हतं.

मी तशीच चिखलाच्या पायांनी प्रार्थनाघरात शिरले. पाद्रीबुवांचं प्रवचन चालू होतं, ते चालू असतानाच मी ओरडले, "केझाया आणि डॅरेन, तिसरा पुकारा! कोणाची हरकत असेल तर आत्ता बोला!"

ओबेड आपल्या बुटांकडे बघत राहिला. पंच एकमेकांकडे बघत राहिले. एकानेही हूं की चूं केलं नाही.