पिवळ्या पट्ट्या

तिच्या केळीच्या वाडीतली सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, मी रोज खायचो, आणि खाता खाता तिच्यावर जळायचो.

सरांच्या वसईतल्या फ्लॅटमध्ये मी कामाला होतो. आठवीत शाळा सुटली, बीडकडून इथं वालीवला एका कारखान्यात आलो. तो बंद पडला तेव्हा ओळखीतून सरांनी बोलावून घेतलं. ते निवृत्त इंजिनिअर. जगभरच्या अणुवीज केंद्रांत घडलेल्या लहानमोठ्या घटनांचे अहवाल त्यांच्याकडे यायचे. कुठं झडप अडकली, कुठं कुणी भलतंच बटण दाबलं. सर वाचून मराठीत सांगायचे, मी भिंतीवरच्या तक्त्यावर त्या केंद्राच्या रांगेत कागदाची पट्टी चिकटवायचो. यंत्राचा बिघाड लाल, माणसाची चूक पिवळी. वर्षं सरतील तसा कुठला रंग चढतोय ते दिसायचं. गावी पत्रात मी लिहायचो, अणुशक्तीचं काम करतो. खोटं थोडंच होतं?

मग वसईतल्याच सांडोर गावची ती आली, रोज सुकेळीचा पुडा घेऊन. बीएस्सी झालेली, कॉम्प्युटर येणारी. माझी अख्खी भिंत तिनं आठवड्यात पडद्यावर नेली.

"दादा, भिंत मस्तच हां तुमची," ती म्हणाली. "फक्त पंखा लावला की उडायला बघते."

सर हसले. मी उठून पंखा बंद केला. घामानं तिघंही भिजलो.

एका केंद्राच्या पिवळ्या पट्ट्या सारख्या वाढत होत्या. दुसऱ्याची रांग जवळजवळ कोरी. "हे कोरं केंद्र चांगलं ना, सर?" मी विचारलं.

सरांच्या आधी तीच बोलली. "मला तर कोऱ्याचीच भीती वाटते. माणसं चुकतच नाहीत, असं कसं? कुणी सांगत नसेल."

"शाबास!" सर म्हणाले.

सरांनी मला तापात डॉक्टरकडे नेलं होतं, दिवाळीला शर्ट घेतला होता. त्यांचे उपकार मी विसरायचो नाही. पण शाबास कधी मिळालं नव्हतं. त्या दिवसापासून मी कामापुरतंच बोलायला लागलो. आज नाही तर उद्या आपली बॅग भरायची, हेच डोक्यात.

शेवटी सरच म्हणाले, "काय रे, हल्ली तुझी रांग कोरी दिसते?"

"मला काढणार का, सर?" तिच्यासमोरच तोंडातून निघून गेलं.

"कधीपासून डोक्यात आहे हे?"

"ह्या मॅडम आल्यापासून."

"मग तेव्हाच बोलायचंस ना, गाढवा!" त्यांनी दुसरी खुर्ची टेबलाशी ओढली. "बस इथं. एकट्याची नजर चुकते. मी वाचीन, तुम्ही दोघांनी एकमेकांना न सांगता रंग लिहायचा. जुळला नाही तर मी बघेन."

पहिल्याच अहवालाला जुळलं नाही. मी पिवळा, ती लाल. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा सगळं वाचलं आणि म्हणाले, "लाल."

ती माझ्याकडे बघून हसली. मी सुकेळीचा पुडा तिच्यापुढून उचलला आणि माझ्या बाजूला ठेवला.