माझ्या मांडीचा गुण

नातीला माझ्या मांडीचा लळा लागलाय, असं मी गावभर सांगत सुटले होते आणि त्या नादात लेकीला दवाखान्यात जाऊ दिलं नव्हतं. तेव्हा मी नवीकोरी आजी होते. तेव्हाच्या माझ्याइतकं मूर्ख माणूस अख्ख्या मोहर्लीच्या रस्त्याला सापडलं नसतं.

लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचे वडील गेल्यापासून घरात मी एकटीच. सकाळ-दुपार सफारीच्या जिप्सी गाड्या दारावरून जायच्या, तेवढीच काय ती वर्दळ. अशात ही नात. पाळण्यात उताणी ठेवली की घर्र-घर्र आवाज, दूध पिताना ठसका, रडणंही दबकं, तोंडावर कुणी उशी धरल्यासारखं. मी म्हणायची, "आजोबावर गेली, घोरते." अन् माझ्या मांडीवर पालथी टाकली की गप्प! लेकीनं तसं घेऊन पाहिलं असतं तर? मी घेऊच देत नव्हते.

"आई, हिच्या गळ्यात काई तरी अडकून राह्यलं."

"काई नाई अडकलं. तुले लेकरू घेता येत नाई."

पुढे वजन वाढेना, श्वास घेताना गळ्याखाली खळगा पडायला लागला. तेव्हा लेक माझं न ऐकता चंद्रपूरला निघाली. मीही गेले. मांडी माझी होती ना!

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आवाज कधी कमी होतो?"

मी ऐटीत म्हटलं, "माझ्या मांडीवर."

"उताणी की पालथी?"

"पालथी."

त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली. पडद्यावर जिभेच्या बुडाशी पाण्यानं भरलेली, द्राक्षासारखी गाठ दिसली. उताणी झोपवलं की ती श्वासाच्या वाटेवर पडायची, पालथं केलं की पुढे सरकायची. मांडीचा गुण तो एवढाच. पाटावर टाकली असती तरी चाललं असतं.

तिथूनच अँब्युलन्सनं तिला नागपूरला नेलं. सोबत लेक अन् फोन करताच धावत आलेला जावई. मला जागा नव्हती, मी एसटीनं परत आले. ऑपरेशन होईस्तोवर फोन पदरात घेऊन बसून होते. घरात इतकं सामसूम, की त्या घर्रघर्रीचीसुद्धा आठवण यायला लागली. अशी मी बया!

मग लेकीचा फोन आला. गाठ काढली होती. पोरगी न ठसकता दूध प्यायली होती, रडली तर वॉर्डभर ऐकू जात होतं.

"अन् झोपते कशी, माझ्याबिगर?" मी विचारलं.

कितीतरी दिवसांनी लेक हसली.

"आई, ते आता उताणी झोपते, कोनाच्याबी मांडीवर. तुले वाईट तं नाई ना वाटून राह्यलं?"