दाजींना लागलेली रोमानियाची काळजी

उसाची, पाण्याची, पोरीच्या लग्नाची काळजी करणारी माणसं आमच्या इंदापूर तालुक्यात पैशाला पासरी मिळतील; पण रोमानियाची काळजी करणारा माणूस एकच झाला, तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. आमचे दाजी. इंदापुरात हायवेच्या कडेला ट्रकमध्ये टेप आणि स्पीकर बसवून द्यायचं त्यांचं दुकान होतं, पण दुकानात ते बसलेले मी कधी पाहिले नाहीत. जेवतानासुद्धा एक गुडघा उभा. जणू शेवटचा घास तोंडात घालून पळायचंच आहे. कुणाच्या लग्नाला गेले तर अक्षता पडेपर्यंत हे मांडवाबाहेर कुणाच्या तरी जीपखाली वायर सोलत पडलेले. ताई म्हणायची, "लोकांच्या पायाला भिंगरी असती, ह्येंचा पायच भिंगरी हाय."

त्यांचा शेळगावचा एक दोस्त जहाजावर कामाला होता. त्याचं जहाज रोमानियाच्या बंदराला लागायचं. नव्वदीच्या मध्याला त्यानं तिथून एक कॅसेट आणली आणि म्हणाला, ह्याला ब्लॅक मेटल म्हणत्यात. ब्रेक नसलेला खडीचा ट्रक घाट उतरावा तशी गिटार, आणि घशात माशाचा काटा अडकल्यागत ओरडणारा माणूस. मी ऐकलं आणि कानावर हात ठेवले. पण मध्येच तो सगळा गोंधळ थांबायचा आणि एकटा पावा वाजायचा. मेंढरं मुरमावर पांगलीत आणि कुणीतरी झाडाला टेकून वाजवतोय, असा. दाजी तिथं हरले.

त्याला कारण घरातलंच होतं. दाजी निरवांगीचे, घर पिढीजात मेंढपाळाचं. जत्रेत धनगरांचे गजी नाचायला लागले की त्यांचे वडील, म्हणजे आबा, ढोल वाजवायचे आणि चुलते पावा. पुढं आबांनी वाटणीची मेंढरं विकून ऊस लावला, तात्यांना म्हणजे चुलत्यांना ते सोसलं नाही, आणि दोघा भावांचं बोलणं तुटलं. ढोल खुंटीला गेला. दोघांनी एकदा तरी पुन्हा जोडीनं वाजवावं, एवढंच दाजींना हवं होतं. पण हा विषय काढला की आबा ताटावरून उठायचे. मग दाजी रोमानियाबद्दल बोलायचे.

त्या बँडचा इतिहास आमच्याकडं वर्षाला एक हप्ता असा यायचा, दोस्त सुट्टीवर आला की. पहिल्या वर्षी कळलं, की तिथल्या एका गावातली तीन पोरं तळघरात वाजवत होती आणि शेजारी दारावर लाथा घालत होते. दुसऱ्या वर्षी, ती पोरं डोंगरात जाऊन म्हाताऱ्या मेंढक्यांकडून पावा शिकून आली. पुढच्या खेपेला, तिकडच्या देवळात घंटेऐवजी बडवतात ती लाकडी फळीसुद्धा त्यांनी गाण्यात घेतली. दाजी हे सगळं टेप बसवायला आलेल्या ड्रायव्हरांना सांगायचे, वर तीच कॅसेट लावून स्पीकरची परीक्षा घ्यायचे. एकदा एक ड्रायव्हर घाबरून म्हणाला, "मिस्तरी, स्पीकर फाटला वो!" दाजी म्हणाले, "फाटला न्हाय, गातोय. जरा दम धरा, पावा येतोय."

मी बारामतीला इतिहास घेऊन बी.ए. झालो. आमच्या अख्ख्या भावकीत पहिला, हे सांगायची मला लाज नाही. दाजींनी त्या पदवीचा एकच उपयोग केला. "पाव्हणं, रोमानियात मेंढरं हायत का, बघा बरं." मी कॉलेजच्या लायब्ररीत बसून बघितलं. होती, आणि मेंढके कळप घेऊन डोंगर चढउतारही करायचे. दाजींनी माझी पाठ थोपटली. "मग सोयरीक व्हईल की आपली!"

आणि मग एका उन्हाळ्यात वाईट हप्ता आला. बँड फुटला. पावेवाला आणि ढोलवाला यांचं भांडण झालं, पावेवाला निघून गेला. दाजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला मोटारसायकलवर घालून निरवांगीला नेलं, थेट बिरोबाच्या देवळात. ते भांडण मिटेल का, असा देवाला कौल लावायचा होता. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं लावायची. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही.

"भांडान कुनाचं?" पुजाऱ्यानं विचारलं.

"बँडवाल्यांचं."

"लग्नातल्या? गाव कुठलं?"

"रोमानिया."

"तालुका?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं. बी.ए.लाही तालुका सांगता येईना. तोवर गाव गोळा झालं होतं. आबा खांबाशी उभे होते, तात्या पायरीवर त्यांच्याकडं पाठ करून बसलेले. "काय हाय तरी काय त्ये?" तात्या कुणालाच न विचारल्यासारखं म्हणाले. दाजींनी पिशवीतून टेप काढला आणि देवासमोर ती कॅसेट लावली. पोरं पांगली, एक कुत्रं ओरडत पळालं. मग पावा लागला. तात्या पुढं वाकले.

"श्वास बरा हाय गड्याचा," ते म्हणाले. "पन ढोल लय घाई करतोय."

"पावा वाट बघत न्हाय," आबा खांबाजवळून म्हणाले, "मग ढोलानं पळायचं न्हाय तर काय करायचं?"

"आमी वाट बघत न्हवतो व्हय?"

"मेंढरांची बघत हुतास. माझी न्हाय."

दाजींनी टेप बंद केला. तात्या उठून घराकडं गेले. दाजींचा चेहरा पडला. पण तात्या परत आले ते पावा धोतराला पुसत. "ढोल आन," ते म्हणाले, भावाकडं न बघताच.

फारसं जमलं नाही. ढोलाचं पान सैल पडलं होतं, तात्यांचा दम मध्येच तुटायचा. पण आबा थांबायचे, दम येऊ द्यायचे आणि मग टिपरू मारायचे. दाजी तिथं उभे राहू शकले नाहीत. देवळामागच्या लिंबाखाली आले, तोंड धुतल्यासारखा चेहरा पुसला. कौल लावायचा राहूनच गेला होता.

"पाव्हणं," ते म्हणाले, "तितं त्या पोरांसाठी कुनी देवळात गेलं आसंल का हो?"

तो दोस्त नंतर दुसऱ्या जहाजावर गेला, पुढचा हप्ता आलाच नाही. पलीकडून पावा पुन्हा उठला, अडखळला, आणि ढोल त्याच्यासाठी थांबला.