कोऱ्या पट्टीवरची दोन बटणं

चहा आधी घ्या. हे ऐकल्यावर तुम्ही माझ्या हातात मोबाइल द्याल असं काही वाटत नाही मला.

आमच्या गुंदहून जोयड्याला बाजाराला जायचं ते तुकाराममामांच्या जीपनं. पद्धत जुनी. ज्याला जायचंय त्यानं घरासमोरच्या बांबूला फडकं बांधायचं, मामा फडकं बघून थांबणार. आणि मी? बेळगावात ॲप करायला शिकून आलेला माणूस! मला ते फडकं बघवेना. मी ॲप केलं. वरच्या पट्टीवर दोन बटणं, 'सीट हवी' आणि 'रद्द'. दाबलं की मामांचा फोन वाजणार. फडकी बंद.

मामांना काही पटलं नव्हतं. म्हणाले, "ह्या बाजाराला बघतो. जीप भरली तर तुझं ॲप, न्हाई तर माझं फडकं बरं हाय."

माझी सगळी इज्जत त्या दोन बटणांवर आली. आणि दुसऱ्याच दिवशी घराघरातून एकच तक्रार, बटणंच नाहीत, वर नुसती कोरी पट्टी.

माझ्या फोनवर बघतो, तर ठळक दिसतायत. असं कसं? खरं सांगतो, काळजीपेक्षा कुतूहलानंच मला जास्त छळलं. हात भातात आणि डोकं त्या पट्टीत. अक्षर मोठं ठेवल्यामुळे बटणं बाहेर ढकलली गेली असतील का? अक्षर लहान केलं. स्क्रीन अपुरी पडत असेल? लोकांचे फोन आडवे धरून बघितले. छे! शेवटी निदान केलं, ॲप अर्धंच उतरलंय, दोष रेंजचा. आपली चूक असू शकते हे माझ्या डोक्यात नेहमी सगळ्यात शेवटी येतं.

आमच्याकडे घरात रेंज असते ती निरोप जाण्यापुरती. ॲप उतरवायचं तर टेकडीवरच्या कातळावर जावं लागतं. बाजाराच्या दिवशी सकाळी मी तक्रार करणाऱ्या झाडून सगळ्यांना तिथं चढवलं. ॲप काढा, परत घाला. अकरा माणसं फोन वर धरून उभी, आणि बटणं काही येईनात.

तेवढ्यात खालून हॉर्न ऐकू आला. जीप आली होती, पण फडकं कुठंच नाही. कोण बांधणार, मीच बंद करायला लावलेलं. जीप एका घरापुढं थांबली, सुशीलाआक्का एकटी चढली आणि जीप जवळजवळ रिकामीच निघून गेली. अकराही जणांनी आधी जीपकडे बघितलं, मग माझ्याकडे.

संध्याकाळी आक्का परतली तसा मी तिच्या अंगणात हजर. मामाही तिथंच चहा पीत बसलेले.

"आक्का, जीप कशी थांबवलीस?"

"तुझ्या ॲपनंच की."

"बटण दिसतंय तुला?"

"न्हाई. फोनवर पावसाचं पाणी पडलं, पदरानं वर पुसलं, तर 'सीट मिळाली' म्हणून आलं. तवापास्नं सीट पायजे असली की तिथंच पुसायचं. मला वाटलं, पोरं दाबत्यात म्हणून तूच लपवलंयस."

म्हणजे बटणं होती! ॲपची पट्टी ज्याच्या त्याच्या स्क्रीनचाच रंग घेते. आक्काच्या फोनची स्क्रीन भगभगीत पांढरी, कारण गोठ्यात उजेडाला तिला तीच लागते. गावात सगळ्यांची तशीच. आणि माझी? पावसात दोन-दोन दिवस वीज नसते, म्हणून बॅटरी वाचवायला मी स्क्रीन कायम काळी ठेवतो. त्या काळ्यावर उठून दिसावीत म्हणून मी बटणं रंगवली पांढरीशुभ्र. आता पांढऱ्या पट्टीवर ती दिसणार कुणाला?

मामांच्या हातापाया पडून आणखी एक बाजार मागून घेतला. त्याच दिवशी बटणं काळी कुळकुळीत केली. गावभर दिसायला लागली. मला इतका आनंद झाला की विचारू नका.

पुढच्या बाजाराला छाती काढून घरासमोर रस्त्यावर आलो. वळणावर हॉर्न वाजला. मी ऐटीत माझी सीट घ्यायला फोन उघडला, तर वर कोरी पट्टी. माझी स्क्रीन काळी आणि बटणंही काळी.

आता पुसायचं तरी नेमकं कुठं? जीप दिसायला लागली. मी गुपचूप खिशातला रुमाल काढला आणि बांबूला बांधला.

जीप थांबली. आत सगळी भरलेली, एवढी एकच जागा उरलेली. मामांनी रुमालाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ॲप तुझंच न्हवं?" त्यांनी विचारलं.